दहीपुलाखालची नदी

नाशिकच्या दहीपुलावर नवखा माणूस आला की हमखास विचारतो, "पूल कुठंय?" समोर दुकानं, रिक्षा, हारवाले. पूल लागावा अशी नदी काही दिसत नाही. ती पायाखाली आहे. सरस्वती तिचं नाव, पण आता सगळे सरस्वती नालाच म्हणतात. जुन्या गावठाणातून उतरत ती गोदावरीला मिळायची. अजूनही मिळते, फक्त स्लॅबखालून. वर्षाचे अकरा महिने ती कुणाच्या आठवणीतही नसते. मग पावसाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी तासभर झोडपून पडतो आणि सराफ बाजारात लावलेल्या दुचाकी वाहून जातात.

पूर मोजायची नाशिककरांची आपली एक पट्टी आहे: रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती. "गुडघ्याला लागलं", "कमरेला आलं", "छातीला टेकलं". मारुती बुडाला म्हणजे मोठा पूर, आणि नारोशंकराच्या देवळातल्या घंटेला पाणी लागलं की महापूर. १९६९, २००८, २०१६, २०१९ या पुरांच्या गोष्टी घरोघर याच मापात सांगितल्या जातात. माप उत्तम आहे, पण ते गोदावरीचं आहे. सराफ बाजारात पाणी शिरतं तेव्हा बऱ्याचदा मारुतीचे पायसुद्धा भिजलेले नसतात.

नदीचा पूर येतो त्र्यंबकच्या बाजूने. घाटमाथ्यावर इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, तर नाशिक शहरात जेमतेम सातशे. त्र्यंबककडचा पाऊस गंगापूर धरणात येतो. धरण भरत आलं की दरवाजे उघडतात आणि गावभर एकच प्रश्न फिरतो, "किती क्युसेकने सोडलंय?" एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे २८ टँकर. धरण आधीच रिकामं का ठेवत नाहीत, असं दर वर्षी कुणीतरी विचारतं. शहराचं वर्षभराचं पिण्याचं पाणी त्यातच साठवायचं असतं, म्हणून. (आपल्या घाटावरचा पूर पुढे पैठणला जायकवाडीत जातो, तेव्हा इथली चिंता ही मराठवाड्यातली आनंदाची बातमी असते, हेही लक्षात असू द्यावं.) एवढं मात्र खरं, की हा पूर सांगून येतो. भोंगा वाजतो, गाडी फिरते, गंगाघाटावरचे टपरीवाले चाकांवरची टपरी ढकलत वर नेतात. बुधवारचा बाजार बुडाला की त्या आठवड्याची कमाई गेली, पण माल वाचतो.

शहराचा स्वतःचा पूर सांगून येत नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. तासाभरात ४० मिलिमीटर पडला तर एका चौरस किलोमीटरवर चार कोटी लिटर, म्हणजे चार हजार टँकर. मळा किंवा पडीक रान असेल तर यातलं बरंचसं मुरतं, खड्ड्यात थांबतं, गवतात अडतं. डांबर, काँक्रीट आणि गच्च्यांवरून दहातले आठ-नऊ टँकर तडक निघतात. खरी मेख या 'तडक'मध्ये आहे. गटाराला एकूण पाणी किती याच्याशी देणंघेणं नसतं, सेकंदाला किती येतं याच्याशी असतं. रानातून रमतगमत तीन तासांत येणारं पाणी वीस मिनिटांत आलं, की तोच पाइप तोकडा पडतो. १९९१ साली साडेसहा लाखांच्या घरात असलेली वस्ती २०११ मध्ये १४ लाख ८६ हजारांवर गेली. तितक्याच गच्च्या वाढल्या. त्यात आपल्या पायाखाली कातळ. दख्खनचा बेसाल्ट पाणी घेतो तो फक्त भेगांतून, सावकाश. म्हणून ओघळ, नाले, डबकी हीच इथली पाणी थोपवण्याची जागा होती, आणि बुजवायला सोपीही तीच.

दोन्ही पूर एकाच दिवशी आले तर काय होतं? मोरीच्या पाइपचं टोक भरलेल्या पिंपात बुडालंय, आणि पिंपातली पातळी मोरीपेक्षा वर आहे, अशी कल्पना करा. मोरी तुंबत नाही, उलटी वाहायला लागते. गोदावरी चढली की सरस्वतीच्या तोंडाशी हेच होतं. वरून उतरलेलं पाणी नदीत शिरू शकत नाही आणि चेंबरची झाकणं उचलून रस्त्यावर येतं. ते नुसतं पावसाचं नसतं, सांडपाणीही त्यात मिसळलेलं असतं. उंदरांच्या मुतातून येणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या जंतूंना पायावरची एवढीशी जखमही पुरते. वाघाडी नाल्याच्या काठी पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांना पाणी ओसरल्यावर तोच गाळ हाताने उपसावा लागतो. काझी गढीवर तर पाणी चढायचीही गरज नाही. मातीचं ते उंच टेकाड भिजून जड होतं, पायथ्याशी सुटतं, आणि कडेच्या घरांना दर पावसाळ्यात नोटिसा येतात.

काठावर घर घेणारे हल्ली पूररेषेचा नकाशा पाहतात, चांगलंच आहे. लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्याची. पण याचा अर्थ 'आत्ताच येऊन गेला, आता नातवंडांनी बघावं' असा लावू नका. अर्थ एवढाच, की लाल रेषेवर दर वर्षी शक्यता शेकडा एक, निळीवर शेकडा चार. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात एकदा तरी पाणी येण्याची शक्यता लाल रेषेवर १८ टक्के, निळीवर ५६.

माझ्या मावसभावाचं भांडी बाजारात दुकान आहे. जून ते सप्टेंबर खालचा कप्पा रिकामा ठेवायचा, ही त्याच्या वडिलांची शिस्त. काकांच्या वेळी दुकानाला तीन पायऱ्या होत्या. रस्ता दर वेळी खरवडून न काढता डांबराचा नवा थर चढवत गेले, आणि आता एकच पायरी उरली आहे. पाणी वाढलं नाही तरी दुकान खाली गेलं. दादाने दोन वर्षांपूर्वी उंबऱ्याला खाच पाडून लोखंडी फळी बसवून घेतली. ढग भरून आले की दोन मिनिटांत फळी खाचेत, कडेला जुन्या सायकलच्या ट्यूबचं रबर. पहिल्याच पावसात दुकान कोरडं राहिलं. शेजारच्या स्टोव्ह दुरुस्तीवाल्याकडे मात्र नेहमीपेक्षा चार बोटं जास्त आलं. आता तोही फळी करून घेतोय. त्याच्या पलीकडे उतारावर फुलवाली मावशी बसते, जमिनीवर गोणपाट अंथरून.