मोठा पॉवर सप्लाय म्हणजे मोठं वीजबिल?

‘कम्प्युटरला ८५० वॉटचा एसएमपीएस (म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा पॉवर सप्लायचा डबा) लावलात की तो सतत ८५० वॉट खाणार’, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. बल्बवरचा आकडा आपण तसाच वाचतो, त्यामुळे गैरसमज स्वाभाविक आहे. पण एसएमपीएसवरचा आकडा कमाल क्षमतेचा असतो, खपाचा नाही. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड वगैरे मिळून ३०० वॉट मागत असतील आणि एसएमपीएसची कार्यक्षमता ९० टक्के असेल, म्हणजे ओढलेल्या विजेपैकी ९० टक्के वीज या भागांपर्यंत पोचत असेल, तर भिंतीतून साधारण ३३३ वॉट ओढले जातात. मग डबा ५५०चा असो वा ८५०चा. अगदी हलक्या कामात मोठा डबा किंचित जास्त वाया घालवतो, एवढंच. त्यामुळे खोक्यावर ‘८० प्लस’चा, म्हणजे किमान ८० टक्के कार्यक्षमतेचा, शिक्का आहे का ते बघा. खात्रीच करायची तर सॉकेट आणि प्लगच्या मध्ये वॉटमीटर लावा. आधी गेम चालवा, मग नुसतं एक्सेल उघडून ठेवा आणि दोन्ही आकडे ताडून पाहा.