गावातील महायुद्ध स्मृतिफलकाला राज्य संरक्षित स्मारकाचा दर्जा : पात्रता, कागदपत्रे आणि कार्यपद्धती

पहिल्या महायुद्धात गावातून किती माणसे गेली आणि त्यांपैकी किती परतली नाहीत, एवढेच कोरलेला संगमरवरी फलक कोकणातील काही गावांत शाळेच्या भिंतीत, चावडीवर किंवा देवळाच्या आवारात आजही दिसतो. अशा फलकाला कायद्याचे संरक्षण हवे असल्यास ‘महाराष्ट्र प्राचीन स्मारके आणि पुराणवस्तुशास्त्रविषयक स्थळे व अवशेष अधिनियम, १९६०’ अन्वये राज्य शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे प्रस्ताव द्यावा लागतो. कोकणासाठी तो रत्नागिरी येथील सहायक संचालकांच्या कार्यालयामार्फत पाठवणे सोयीचे.

पात्रतेसाठी वास्तूला ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक महत्त्व असावे लागते. १९१४-१९१९ ही वर्षे कोरलेल्या फलकाला शंभरी उलटून गेल्याने वयाचा प्रश्न सहसा येत नाही. खरा प्रश्न महत्त्व सिद्ध करण्याचा असतो, आणि बहुतेक प्रस्ताव येथेच दुबळे पडतात. फलकावर आकडे असतात, नावे नसतात. इराकमधील बसरा येथील महायुद्ध स्मारकावरही भारतीय साध्या शिपायांची नावे कोरलेली नाहीत, पलटणनिहाय केवळ संख्या आहे. त्यामुळे गावाने नावांची यादी स्वतः जुळवून प्रस्तावाला जोडणे, हाच माझ्या मते या कामाचा गाभा आहे.

युद्धात मरण पावलेल्या सैनिकांची माहिती जपणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या (CWGC) नोंदींत अनेक शिपायांच्या नावापुढे वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो. मात्र शोधताना जुना जिल्हा लक्षात घ्यावा : सिंधुदुर्ग १९८१ मध्ये वेगळा झाल्याने तेथील अनेक गावे रत्नागिरीखाली आणि आजच्या रायगडमधील अनेक गावे कुलाबा जिल्ह्याखाली सापडतात, शिवाय रोमन लिपीतील गावांची नावे बरीच मोडतोड झालेली असतात. घरोघरी जपलेली पेन्शनची कागदपत्रे, पदकांच्या कडेला कोरलेला शिपायाचा क्रमांक व पलटण, तसेच बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्राशी केलेला पत्रव्यवहार यांचा आधार घ्यावा. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी २९ एप्रिल १९१६ रोजी इराकमधील कूत येथे तुर्कांना शरण गेलेल्या ब्रिटिश-भारतीय सैन्यात होत्या; एखाद्या शिपायाची पलटण त्यांपैकी निघाली, तर फलकाचे महत्त्व सांगताना या घटनेचा उल्लेख जरूर करावा.

प्रस्ताव साध्या कागदावर, पण सविस्तर लिहावा. त्यासोबत ग्रामसभेचा ठराव, जागेचा सातबारा उतारा किंवा गावठाणातील जागा असल्यास मिळकत पत्रिका अथवा ग्रामपंचायतीचा नमुना ८, भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा, फलकाची लांबी-रुंदी, चारही बाजूंची छायाचित्रे आणि मजकुराची जशीच्या तशी नक्कल जोडावी. जागा शाळेची असेल तर जिल्हा परिषदेचे आणि देवस्थानची असेल तर विश्वस्तांचे ना हरकत पत्र घ्यावे. कोकणात अडचण येते ती सामाईक सातबाऱ्यावर. त्यावर डझनभर सहहिस्सेदार असतात, निम्मे मुंबईला. त्यांच्या संमतीसाठी १ मेच्या ग्रामसभेसारखा मुहूर्त नाही, कारण तेव्हा चाकरमानी गावी आलेले असतात. ही संमती आधीच मिळवलेली बरी, कारण नंतर हरकत घेण्याची संधी त्यांना असतेच.

विभागाने स्थळपाहणी करून अनुकूल अहवाल दिल्यास शासन राजपत्रात प्राथमिक अधिसूचना काढते आणि तिची प्रत स्मारकाजवळ लावली जाते. हितसंबंधितांना दोन महिन्यांत हरकती नोंदवता येतात. त्यांचा विचार झाल्यावर अंतिम अधिसूचना निघते. या सगळ्यास बराच काळ लागतो हे गृहीत धरूनच चालावे.

तोवर फलकाला हात लावू नये. पावसाळ्यात चढलेले शेवाळ आम्लाने घासणे, अक्षरांत ऑइलपेंट भरणे किंवा जांभ्याचा जुना चौथरा पाडून त्यावर टाइल्स बसवणे यांमुळे मूळ पुरावाच नष्ट होतो. अंतिम अधिसूचनेनंतर तर स्मारकात परवानगीविना बदल करणे हा गुन्हा ठरतो, आणि दुरुस्ती पुरातत्त्व विभागामार्फत किंवा त्याच्या संमतीनेच करावी लागते.