गोत्र, वाय गुणसूत्र आणि डीएनएमधून गळालेले पूर्वज

व्हॉट्सॲपवर एक मजकूर गेली कित्येक वर्षं फिरतो आहे. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, गोत्रही बापाकडून मुलाकडे जातं, म्हणून गोत्र म्हणजेच वाय गुणसूत्र आणि आपल्या ऋषींना जनुकशास्त्र ठाऊक होतं, असा त्याचा सारांश. पुढे एक शेपूट असतं: सगोत्र लग्न केलं तर वाय गुणसूत्र क्षीण होतं. यातलं पहिलं अर्धं वाक्य बरोबर आहे, बाकी सगळं चूक.

शेपटापासून सुरुवात करू. बाईकडे वाय गुणसूत्र नसतंच. त्यामुळे बायको सगोत्र असो की नसो, मुलाच्या वाय गुणसूत्राला काही फरक पडत नाही. रक्ताचं नातं टाळायला हा नियम केला म्हणावं, तर वीस पिढ्यांपूर्वी एक पूर्वज असलेल्या सगोत्र मुलीशी लग्न निषिद्ध आणि महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत मामाची मुलगी चालते, हे कसं जमायचं? त्या सगोत्र मुलीशी सामायिक डीएनए जवळपास शून्य. मामेबहिणीशी मात्र सरासरी साडेबारा टक्के.

शिवाय गोत्राची साखळी जैविक असायचं कारणच नाही. क्षत्रियांनी पुरोहिताचं गोत्र घ्यावं, असं विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेत, म्हणजे याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या टीकेतच म्हटलं आहे. दत्तकाने गोत्र बदलतं, गुणसूत्र बदलत नाही. कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव 1884 साली कोल्हापूरच्या भोसले घराण्यात दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. आडनाव भोसल्यांचं, वाय गुणसूत्र घाटग्यांचं. वतन टिकवण्यासाठी दत्तक घेणं आपल्याकडे इतकं सर्रास होतं, की जुन्या वतनदार घराण्याची वंशावळ हातात घेताना कुठेतरी असा सांधा असणार हे धरूनच चालावं.

आता मुख्य प्रश्न. वाय गुणसूत्र म्हणजे पुरुषाच्या एकूण डीएनएचा जेमतेम एक टक्का. दहा पिढ्या मागे गेलात की तुमच्या पूर्वजांच्या 1024 जागा होतात. वाय गुणसूत्र त्यांतल्या एकाच पुरुषाकडून येतं. मग बाकीच्या 1023 जणांचं तुमच्यात काय आहे? त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांचं काहीच नाही. हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो, म्हणून हिशेब नीट मांडू.

आपल्याकडे गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात. लिंग गुणसूत्रांची जोडी बाजूला ठेवू, उरल्या 22. प्रत्येक जोडीतलं एक आईचं, एक वडिलांचं. तुमच्या वडिलांच्या शरीरात शुक्रपेशी तयार होताना त्यांच्या आईकडचं आणि वडिलांकडचं गुणसूत्र शेजारी येतं, काही ठिकाणी तुटतं आणि तुकड्यांची अदलाबदल होऊन जोडलं जातं. ही पारगती. बीजांड तयार होताना अशा सुमारे 40 अदलाबदली होतात, शुक्रपेशीत सुमारे 26. सरासरी 33 धरू.

म्हणजे तुमच्यातली वडिलांकडची 22 गुणसूत्रं 33 जागी तुटून जोडलेली आहेत. त्यांचे 22 अधिक 33 असे 55 तुकडे, आलटून पालटून आजोबांचे आणि आजीचे. आईकडचेही तेवढेच. एकूण 110 तुकडे, चार जणांत. दर पिढीमागे या संख्येत 66 ची भर पडते. पणजी-पणजोबांच्या पिढीला 176 तुकडे, आठ जणांत. पाचव्या पिढीला 308 तुकडे, 32 जणांत. आठव्या पिढीला 506 तुकडे, 256 जणांत. तुकडे बेरजेने वाढतात, पूर्वज गुणाकाराने. नवव्या पिढीपर्यंत माणशी एक तुकडा कसाबसा पुरतो: 572 तुकडे, 512 पूर्वज. दहाव्या पिढीला तुकडे 638 आणि पूर्वज 1024. आता सगळ्यांना पुरणं शक्यच नाही.

वाटपही समसमान नसतं. एखाद्याचे चार तुकडे येतात, एखाद्याचा एकही नाही. अशा योगायोगाच्या वाटपाचं गणिती सूत्र, म्हणजे पॉइसाँ वितरण लावलं, तर आठव्या पिढीतल्या एखाद्या पूर्वजाचं काहीच न येण्याची शक्यता सुमारे 14 टक्के, दहाव्या पिढीत 54 टक्के, बाराव्या पिढीत 80 टक्क्यांच्या वर. पिढी 28 वर्षांची धरली, तर आज पंचविशीत असलेल्या माणसाची दहावी पिढी थोरल्या बाजीरावाच्या सुमाराची आणि बारावी शिवकाळातली. शिवकाळातला तुमचा मूळ पुरुष कागदोपत्री पक्का सिद्ध झाला, तरी वाय गुणसूत्र सोडता त्याचा एक कणही तुमच्यात नसणं हेच जास्त संभवनीय. यात एक गंमत आहे. स्त्रियांमध्ये पारगती जास्त, त्यामुळे आईच्या आईच्या आईकडून येणाऱ्या वाटेवर तुकडे जास्त आणि बारीक होतात. साहजिकच त्या वाटेवरच्या पूर्वजाचं थोडं तरी टिकण्याची शक्यता पुरुषांच्या वाटेपेक्षा जास्त. वंशावळीत मात्र त्या बायकांची नावंच नसतात.

या तुकड्यांची लांबी सेंटिमॉर्गनमध्ये मोजतात. गुणसूत्रावरच्या दोन जागांमध्ये एका पिढीत पारगती होण्याची शक्यता एक टक्का असेल, तर त्यांच्यातलं अंतर एक सेंटिमॉर्गन. पारगतीच्या प्रमाणावरून पहिला जनुकीय नकाशा अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ मॉर्गनचा विद्यार्थी स्टर्टेव्हंट याने 1913 साली छापला. एककाला मॉर्गनचं नाव सुचवलं ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी, जे पुढे भारतात स्थायिक झाले आणि 1964 साली भुवनेश्वरला वारले. नातं ओळखायला हे एकक फार उपयोगी पडतं. पालक आणि मूल यांच्यात सुमारे 3400 सेंटिमॉर्गन जुळतात. सख्ख्या चुलत भावंडांत सुमारे 850, आणि ते 400 ते 1400 यांच्या दरम्यान कुठेही असू शकतात. ज्यांचे पणजोबा एक, त्यांच्यात दोनशेच्या आसपास. खापरपणजोबा एक असलेल्या दहापैकी साधारण एका जोडीत काहीच जुळत नाही. त्यापुढच्या पिढीत निम्म्या जोड्या कोऱ्या. म्हणून ‘डीएनए जुळला नाही, म्हणजे नातं नाही’ हे वाक्य चुलत-चुलत भावंडांपर्यंतच खरं.

उलटी चूक आपल्याकडे जास्त होते. वरचे आकडे युरोपीय वंशाच्या लोकांवरून बसवलेले आहेत. आपण शेकडो वर्षं जातीत, पोटजातीत, कधी पाच-पन्नास गावांच्या वर्तुळात लग्नं करत आलो. मामाच्या मुलीशी झालेल्या एकाच लग्नाने त्या जोडप्याच्या मुलांचे पणजी-पणजोबा आठाऐवजी सहा होतात. त्यामुळे अनेक लांबच्या वाटांनी आलेले छोटे तुकडे जमून बेरीज फुगते आणि सातव्या पिढीतला नातलग डीएनए चाचणी करणाऱ्या कंपनीच्या यंत्राला तिसऱ्या पिढीतला वाटतो. यावर उपाय म्हणजे बेरजेऐवजी सर्वांत लांब सलग तुकडा बघणं. एकूण 90 सेंटिमॉर्गनमध्ये एक तुकडा 45 चा असेल तर जवळचं नातं संभवतं. तेच 90 जर नऊ-नऊचे दहा तुकडे मिळून झाले असतील तर तो जातीचा सामायिक वारसा. सात सेंटिमॉर्गनखालचे तुकडे सोडून द्यावेत, त्यांत योगायोगाने जुळलेले पुष्कळ असतात. आणि चाचणी करायचीच तर स्वतःआधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाची करावी: आजी, आत्या, मोठे काका. एक पिढी वर गेलं की तुकडे कमी तुटलेले मिळतात.

नाव मात्र डीएनए सांगत नाही, ते कागदच सांगतो. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे ‘कोतवाल बुक’ हा शब्द घरोघरी पोचला. तो म्हणजे गाव नमुना 14, जन्म-मृत्यूची नोंद. त्यात बाळाचं नाव पुष्कळदा नसतं. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी एवढंच. म्हणून आधी जमिनीचे कागद गाठावेत. फेरफार, म्हणजे नमुना 6, आणि वारस नोंद, नमुना 6-क. खातेदार वारला की त्याचे मुलगे, मुली, विधवा यांची नावं एकाच नोंदीत मिळतात. त्याच्याही मागे जायचं तर नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. आडनावाबरोबर मूळ गाव सांगितल्याशिवाय तिथे काम होत नाही.

जुन्या नोंदी मोडीत असतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळे नाहीत, शब्द तोडून लिहीत नाहीत. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. सगळ्यात मोठा सापळा नावांचा: नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, त्यामुळे सखाराम बिन रामजी आणि रामजी बिन सखाराम आलटून पालटून येत राहतात आणि मधल्या दोन पिढ्या सहज गळतात किंवा दुप्पट होतात. नुसत्या नावावर दुवा जोडू नये. भूमापन क्रमांक, भावांची नावं किंवा तारीख यांपैकी काहीतरी जुळायलाच हवं. पेशवाईतल्या कागदांवर तारीख शुहूर सनात आणि तीही अरबी शब्दांत असते. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: 1161. सूर्य मृगात शिरतो तेव्हा, मेच्या शेवटी-जूनच्या सुरुवातीला, हे वर्ष बदलतं. म्हणून इसवी सन काढायला डिसेंबरपर्यंत 599 मिळवायचे, जानेवारीपासून 600. पानिपतचा जानेवारी याच वर्षातला, 1761. शकात 78 मिळवायचे, पण पौष-माघातल्या तारखेला बहुधा 79 आणि फाल्गुनातल्या तारखेला 79च. हे विसरलं की मृत्यूनंतर बाप झालेली माणसं वंशावळीत दिसू लागतात.

‘तुम्ही 12 टक्के मध्य आशियाई’ असे चाचणीचे टक्के मात्र मनावर घेऊ नयेत. ते आजच्या नमुन्यांशी केलेल्या तुलनेतून येतात आणि कंपनीने नमुन्यांचा संच बदलला की त्याच थुंकीचे टक्के बदलतात. थुंकी पाठवण्याआधी विदा (डेटा) कुणाच्या हातात जाते तेही बघावं. ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीतून 2023 साली सुमारे 69 लाख ग्राहकांची माहिती बाहेर गेली आणि मार्च 2025 मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. कच्च्या विदेची फाइल हाती आली की ती लगेच उतरवून घ्यावी. कंपनीकडचं खातं नंतर पुसता येतं. आणि आत्याची चाचणी करण्याआधी तिला एक गोष्ट स्पष्ट सांगावी: निकालात एखादं सावत्र भावंड निघू शकतं. ते बघायचं की नाही, हे ठरवणं तिच्या हातात.