झोपडीसमोरचा फोटो

घरकुलाच्या यादीत नाव आलं की ग्रामसेवक नाहीतर घरकुलाचा अभियंता मोबाईल घेऊन येतो. लाभार्थ्याचा एक फोटो राहत्या झोपडीसमोर, दुसरा बांधकामाच्या जागेवर. ते जिओटॅग होऊन, म्हणजे ठिकाणाच्या नोंदीसह, पोर्टलवर चढले की पहिल्या हप्त्याची वाट मोकळी. आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर एक म्हातारबुवा कित्येक वर्षं रसवंतीच्या मागे झोपतात. त्यांना कोणत्या झोपडीसमोर उभं करायचं?

कागदावर त्यांचा नंबर पहिला लागतो, हे विशेष. २०११च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणात निवारा नसलेली आणि भिक्षेवर जगणारी कुटुंबं आपोआप पात्र धरली होती. २०१६ची प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) त्याच यादीवर उभी राहिली. तिचे १ लाख २० हजार रुपये मात्र बांधायला मिळतात, जागा घ्यायला नाही. राज्य सरकारने २०१५ साली जागाखरेदीसाठी ५० हजारांची पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना आणली, पुढे रक्कमही वाढवली. पण जागा हवी ना! पूर्व विदर्भात गावठाणाला लागून असलेली बरीचशी सरकारी जमीन ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेली. सहा जिल्ह्यांत मिळून ती ८६ हजार हेक्टरांवर जाते, आणि मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वनजमीनच ठरवली.

प्रधानमंत्री आवासच्या आधीची इंदिरा आवास योजना १९८५-८६मध्ये रोजगार कार्यक्रमाचा भाग म्हणून आली, १९९६पासून स्वतंत्र झाली. नावं बदलली, पण पैसा राहिला विटा-सिमेंटचा. त्या घरात राहणाऱ्याला गोळ्या कोण देणार, तो दोन दिवस उठला नाही तर दार कोण वाजवणार, याचा हप्ता कोणत्याच योजनेत नव्हता.

विदर्भाला दुसरी रीत माहीत नव्हती असं नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६मध्ये, अमरावतीला तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६मध्ये आणि वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९मध्ये काम सुरू केलं, ते गावाने हाकललेल्या कुष्ठरुग्णांसाठी. नुसतं छप्पर देऊन भागणार नव्हतं. म्हणून औषधोपचार, वावरातलं काम, सोबतीची माणसं, सगळं एकाच आवारात आलं. आनंदवन तर खडकाळ सरकारी जमिनीवर उभं राहिलं. पुढे अशा संस्थांना सरकारकडून रुग्णामागे अनुदान मिळू लागलं. बाकीचा भार देणग्यांवर आणि स्वतःच्या उत्पादनावर. माझ्या मते पुढच्या गुंत्याची सुरुवात इथेच आहे. पैसा आला तो आजाराच्या नावाने. ज्याला तो आजार नाही, नुसतंच कोणी नाही, त्याच्यासाठी सरकारी खर्चाचं लेखाशीर्षच तयार झालं नाही.

वयाचंही तसंच. परतवाड्याजवळच्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेली मतिमंद, मूकबधिर मुलं वाढवली. कायद्याने मूल अठरापर्यंतच मूल. त्यानंतर या पोरांनी जायचं कुठे? अशा मुलांना आयुष्यभर तिथेच राहू देणारा कायदा करा, ही त्यांची कित्येक वर्षांची मागणी. २०२४मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, मागणी जिथल्या तिथे.

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं १९वं कलम सांगतं की घर नाही, घरचे घेत नाहीत, एवढ्याच कारणाने कोणाला मनोरुग्णालयात ठेवू नये. सरकारने बाहेर आधाराची सोय करावी. बाहेर म्हणजे कुठे? शहरांत निदान लाख लोकसंख्येमागे एक बेघर निवारा असावा, असा दंडक न्यायालयाच्या रेट्यामुळे आला आणि २०१३पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून त्याला पैसाही मिळू लागला. २०११च्या जनगणनेत देशात १७ लाखांवर बेघर मोजले गेले, त्यातले ८ लाखांवर ग्रामीण भागातले. त्यांच्यासाठी असा निवारा नाही.

म्हणून थंडी वाढली की स्टँडवरचा एखादा भला माणूस कंडक्टरला म्हणतो, ‘यांना अमरावतीच्या गाडीत बसवून घ्या नं भाऊ, तिथं सोय आहे म्हन्ते.’