वासयोग्य बाह्यग्रहांच्या वातावरणाचे परीक्षण

सूर्याखेरीज अन्य ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या, पृष्ठभागावर द्रवरूप पाणी असू शकेल अशा ग्रहांना वायूंचे आवरण आहे का आणि असल्यास त्यात कोणते वायू आहेत, हे वर्णपटावरून (तरंगलांबीनुसार वेगळ्या केलेल्या प्रकाशावरून) ठरविण्याची पद्धती. ग्रह ताऱ्यापासून योग्य अंतरावर आहे एवढ्याने तो वासयोग्य ठरत नाही. हवेचा दाबच नसेल, तर पाणी द्रवरूपात राहत नाही.

सर्वाधिक वापर अधिक्रमण पद्धतीचा होतो. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या कडेवरील हवेतून गाळून येतो. वायू ज्या तरंगलांबीला प्रकाश शोषतो, त्या तरंगलांबीला ग्रह किंचित मोठा भासतो. हा फरक फारच लहान असतो. दूरवरून पाहिल्यास पृथ्वी सूर्याचा प्रकाश दशलक्षांत सुमारे ८४ भाग अडवील. तिच्या हवेचा त्यातील वाटा जेमतेम एक भाग भरतो. म्हणूनच सध्याचा भर तांबड्या खुज्या (सूर्याहून बऱ्याच लहान व थंड) ताऱ्यांवर आहे. ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या सुमारे १२ टक्के असल्याने, तेथील पृथ्वीएवढ्या ग्रहाच्या हवेची खूण दशलक्षांत काही दशक भागांपर्यंत जाऊ शकते.

निरीक्षण करताना अधिक्रमणाच्या आधीचा व नंतरचा काळही पुरेसा नोंदवावा लागतो, नाहीतर तुलनेला आधाररेषा उरत नाही. प्रथम सर्व तरंगलांबींचा प्रकाश एकत्र करून अधिक्रमणाचा मध्यक्षण व ग्रहाच्या मार्गाची भूमिती ठरवितात. ती कायम धरून प्रत्येक तरंगपट्ट्यात प्रकाशाची घट किती, एवढेच मोजतात. शोधकाची (प्रकाश टिपणाऱ्या उपकरणाची) संवेदनशीलता सुरुवातीच्या काही मिनिटांत बदलत जाते. तो भाग बहुधा वगळला जातो. उंचावर ढग किंवा धुरके असल्यास वर्णपट सपाट, म्हणजे वायूंच्या खुणांविना, येतो. जीजे १२१४ बी या ग्रहाबाबत २०१४ मध्ये हबल दुर्बिणीने हेच दाखविले.

याहून मोठी अडचण खुद्द ताऱ्याची. ग्रहाच्या मार्गाबाहेर ताऱ्यावर थंड डाग असले, तर प्रकाशातील घट प्रत्यक्षाहून अधिक भासते. तांबड्या खुज्या ताऱ्यांच्या डागांत पाण्याची वाफ असण्याइतके तापमान उतरते. परिणामी ताऱ्यावरचे पाणी ग्रहाच्या नावे जमा होण्याचा धोका राहतो.

बाह्यग्रहाचे वातावरण प्रथम कोणत्या ग्रहावर आढळले, याचे रूढ उत्तर एचडी २०९४५८ बी असे आहे. हा वासयोग्य नव्हे, तर तप्त वायुग्रह आहे. पण पद्धतीचा पाया त्याच्यावर घातला गेला. सारा सीगर व दिमितार सॅसेलोव्ह यांनी २००० मध्ये अशा ग्रहांवर सोडियमची खूण दिसेल असे भाकीत केले. डेव्हिड शार्बोनो व सहकाऱ्यांनी हबलने चार अधिक्रमणे नोंदवून ५८९.३ नॅनोमीटरजवळ शेजारच्या पट्ट्यांहून ०.०२३ टक्के अधिक घट मोजली (प्रसिद्धी २००२). २००८ मध्ये सुबारू दुर्बिणीच्या जुन्या नोंदींतूनही सोडियम मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. तथापि २०२० व २०२१ मधील उच्च विभेदनाच्या (तरंगलांबीचे अगदी बारीक भाग वेगळे दाखविणाऱ्या) निरीक्षणांनी यावर प्रश्नचिन्ह उभे केले. फिरत्या ताऱ्याची एक बाजू आपल्याकडे येते, दुसरी दूर जाते. ग्रह त्या क्रमाने झाकत गेला की ताऱ्याच्या स्वतःच्या सोडियम रेषेचा आकार बदलतो. शिवाय ही रेषा ताऱ्याच्या मध्यभागी व काठावर सारखी नसते. हे दोन परिणाम धरल्यास ग्रहाच्या सोडियमची गरज उरत नाही, असा ही निरीक्षणे करणाऱ्या गटाचा निष्कर्ष. हबलचा मापनपट्टा रुंद आहे, उच्च विभेदनात रेषेचा गाभा दिसतो. त्यामुळे दोन्ही निकालांचा मेळ घालण्याचे प्रयत्न २०२२ मध्ये झाले. सोडियम असावे, परंतु पहिल्या अर्थनिर्णयापेक्षा सावधपणे मांडावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

वासयोग्य कक्षेतील के२-१८ बी (सुमारे १२४ प्रकाशवर्षे) याच्यावर २०१९ मध्ये पाण्याची वाफ जाहीर झाली. पण ही खूण ज्या १.४ मायक्रोमीटरच्या आसपास मिळाली, तेथे मिथेनही शोषण करतो. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून निक्कू मधुसूदन यांच्या गटाने मिथेन व कार्बन डायऑक्साइड दाखविले, तेव्हा आधीची खूण बहुधा मिथेनची होती असे दिसले. डायमेथिल सल्फाइडचा (पृथ्वीवर मुख्यतः समुद्री जीवांपासून येणाऱ्या वायूचा) दावा २०२५ मध्ये सुमारे ३ सिग्मा पातळीवर (निव्वळ योगायोगाची शक्यता सुमारे ०.३ टक्के) केला गेला. स्वतंत्र फेरविश्लेषणांत तो टिकलेला नाही.

ग्रह ताऱ्यामागे लपताना, म्हणजे पिधानात, ग्रहाची स्वतःची उष्णता मोजता येते. ट्रॅपिस्ट-१ बी याची दिवसाची बाजू १५ मायक्रोमीटरला सुमारे ५०३ केल्व्हिन भरली (२०२३). उष्णता रात्रीच्या बाजूला वाहून नेणारी दाट हवा तेथे नसावी. ट्रॅपिस्ट-१ सी याची सुमारे ३८० केल्व्हिन आली, त्यावरून शुक्रासारखे कार्बन डायऑक्साइडचे दाट आवरण बाद ठरते. वासयोग्य कक्षेतील ट्रॅपिस्ट-१ ई याचा निर्णय अद्याप खुला आहे.

ऑक्सिजन जीवसृष्टीची खूण मानला जातो; पण तरुण खुज्या ताऱ्याच्या प्रारणाने पाणी फुटून हायड्रोजन निसटला, तर जीवाविनाही ऑक्सिजन साठू शकतो. मिथेनसह आढळल्यास पुरावा बळकट होतो.

मुंबई : कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने लडाखमधील हानले (उंची सुमारे ४,५०० मी.) येथील २ मी. दुर्बिणीसाठी टिर्स्पेक हा अवरक्त वर्णपटमापक तयार केला; उत्तराखंडातील देवस्थळच्या ३.६ मी. दुर्बिणीवरील टॅन्स्पेक हा वर्णपटमापकही याच संस्थेच्या सहभागातून आला. दोन्हींचा मुख्य उपयोग ताऱ्यांच्या निर्मितीच्या अभ्यासाला होतो. हवेतील बाष्प १.४ व १.९ मायक्रोमीटरचे पट्टे अडविते, आणि पाण्याच्या शोधात नेमके तेच लागतात. त्यामुळे किनारपट्टीवरून हे काम होत नाही.

हौशी निरीक्षकांना मात्र अधिक्रमण टिपता येते. एचडी २०९४५८ हा तारा (तेजस्वितेची प्रत ७.७, महाश्व तारकासमूह) पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, सोयीचा, वांगणी किंवा कर्जतच्या बाजूला आकाश बरे मिळते. घट दीड टक्का, अवधी तीन तास. आवर्तकाल ३ दिवस १२ तास ३५.६ मिनिटांचा असल्याने एक सोडून एक अधिक्रमण आठवड्याने त्याच वारी, पण सुमारे ७१ मिनिटे उशिरा येते. सहा ते आठ इंची दुर्बीण, विषुववृत्तीय आरोहण (आकाशाच्या फिरण्याबरोबर दुर्बीण फिरविणारा आधार) व थंड केलेला एकरंगी कॅमेरा पुरतो. तारा किंचित अस्पष्ट ठेवावा, म्हणजे चित्रबिंदू भरून जात नाहीत. भिंगावर दव धरल्यास आलेख हळूहळू घसरतो, म्हणून तापपट्टा बांधावा. तारा मध्यमंडळ (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडताना आरोहण उलटवावे लागते, त्या क्षणी आलेखात पायरी पडते. हा क्षण अधिक्रमणाच्या सुरुवातीला किंवा शेवटाला येणार नाही अशी रात्र निवडणे चांगले.