ब्रेन हॅमरेज: डॉक्टर पुन्हा पुन्हा कोणते शोधनिबंध उघडतात?

गडहिंग्लज किंवा शाहूवाडीकडून ब्रेन हॅमरेजचा पेशंट कोल्हापुरात आणला, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ऑपरेशन करून रक्त काढून टाकता येत नाही का?" प्रश्न रास्त आहे, आणि जगभरचे न्यूरोसर्जनही तोच विचारत आले आहेत. २७ देशांतल्या १,०३३ रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल २००५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. लवकर ऑपरेशन केलेल्यांपैकी २६ टक्के रुग्ण सहा महिन्यांनी चांगले सावरले होते. आधी औषधोपचारावर ठेवलेल्यांपैकी २४ टक्के. म्हणजे जवळपास सारखेच. 'फायदा दिसला नाही' असं सांगणारा हा निबंध आजही या विषयावरच्या लेखांत सतत संदर्भ म्हणून येतो.

एका निबंधाचा दुसऱ्याने आधार घेतला की त्याच्या नावावर एक संदर्भ जमा होतो. या आजाराच्या संशोधनात भरघोस संदर्भ मिळालेल्या निबंधांकडे पाहिलं, की त्यांत नवं औषध सापडल्याच्या बातम्या कमी आणि मोजमापाची साधनं जास्त दिसतात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

रक्ताची गाठ किती मोठी आहे हे मोजायची रीत सांगणाऱ्या १९९६ सालच्या निबंधाचंच उदाहरण घ्या. गाठ साधारण अंडाकृती धरायची. स्कॅनच्या ज्या चित्रात ती सर्वांत मोठी दिसते, तिथे लांबी मोजायची, समजा ५ सेंटिमीटर. तिला काटकोनात रुंदी ४. गाठ ५ मिलिमीटर जाडीच्या सहा चित्रांत दिसते, म्हणजे उंची ३. तिन्हींचा गुणाकार ६०, त्याचा निम्मा ३०. गाठ झाली ३० मिलिलिटरची! रात्रपाळीचा डॉक्टर पट्टी घेऊन मिनिटभरात हे करतो.

२००१ साली अवघ्या १५२ रुग्णांच्या नोंदींवरून एक गुणांकन तयार झालं. शुद्धीची पातळी, ३० मिलिलिटर किंवा त्याहून मोठी गाठ, मेंदूच्या पोकळ्यांत उतरलेलं रक्त, रक्तस्रावाची जागा आणि ८० किंवा त्याहून जास्त वय, यांवरून शून्य ते सहा गुण. गुण जितके जास्त, तितका मृत्यूचा धोका मोठा. पण त्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी बजावलं, की 'हा पेशंट वाचत नाही' असं धरून उपचार आखडते घेतले, तर ते भाकीत आपोआप खरं ठरतं. या इशाऱ्याची आठवण गुणांकनाइतकीच व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

संदर्भ जमायला वर्षं लागतात, त्यामुळे जास्त संदर्भ मिळालेल्यांच्या यादीत नवं काम मागे दिसतं. २०२३ साली भारतासह दहा देशांतल्या ७,०३६ रुग्णांवरच्या चाचणीत पहिल्या तासाभरात वरचा रक्तदाब १४० च्या खाली आणायचं, सोबत साखर आणि ताप आटोक्यात ठेवायचं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा परिणाम उतरवायचं ठरलं. रुग्ण अधिक चांगले सावरले. यातलं बरंचसं तालुक्याच्या दवाखान्यातही सुरू करता येतं, पेशंटला कोल्हापूरकडे हलवायची तयारी चालू असतानाच.