कोरडं ठेवायचं, पण किती कोरडं?

पावसाळा लागला की मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. मिठागरावरून आणलेलं खडं मीठ तर मृगाच्या पहिल्या सरींबरोबरच ओघळायला लागतं. असं का होतं हे नीट समजून घेतलं, तर कॅमेऱ्याच्या दुकानात आणि वाद्यांच्या दुकानात हल्ली मिळणाऱ्या आर्द्रता-नियंत्रक पुड्यांचं अर्धं शास्त्र हाती लागतं. ते समजून घ्यायलाच हवं. कारण दर पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते, हार्मोनियमच्या सुरांवर, म्हणजे आतल्या धातूच्या पट्ट्यांवर, गंज चढतो, बी-बियाणं उगवत नाही, आणि यातलं बरंच नुकसान घरात पुडी असूनही होतं. पुडी असते, पण चुकीची असते, संपलेली असते किंवा चुकीच्या जागी असते.

सुरुवात हवेपासून करू. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त ३० ग्रॅम बाष्प धरू शकते. २० अंशांना ही क्षमता १७ ग्रॅमवर येते. क्षमतेच्या किती टक्के बाष्प प्रत्यक्ष हवेत आहे, ती सापेक्ष आर्द्रता. मुंबईत आणि कोकणात जुलैमध्ये ती ८० ते ९० टक्के असते. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिलच्या दुपारी २० टक्क्यांच्या आसपास उतरते. लाकूड, कागद, कातडं, धान्य हे सगळे पदार्थ भोवतालच्या या टक्केवारीशी जुळवून घेत सतत पाणी घेत-देत असतात. ६५-७० टक्क्यांच्या वर आर्द्रता काही दिवस टिकली की बुरशीचं फावतं.

आता मिठाकडे वळू. कोरड्या मिठाच्या खड्यावर पाण्याचे रेणू येऊन बसतात आणि उडूनही जातात. हवेत बाष्प पुरेसं वाढलं, की खड्याच्या पृष्ठभागावर मिठाच्या संपृक्त, म्हणजे आणखी मीठ विरघळणार नाही इतक्या खारट, पाण्याचा पातळ थर तयार होतो. मीठ विरघळलेल्या पाण्यातून रेणू सहजी उडून जात नाहीत, त्यामुळे हा थर वाढतच जातो. शुद्ध मिठासाठी ही सीमा ७५ टक्क्यांवर आहे. त्याखाली मीठ कोरडं राहतं, त्यावर ओघळतं. खड्या मिठाला मॅग्नेशियम क्लोराइडही चिकटलेलं असतं. त्याची सीमा फक्त ३३ टक्के, म्हणून खडं मीठ आधी ओघळतं.

खरी गंमत पुढे आहे. एका बंद डब्यात वाटीभर ओलं मीठ ठेवलं, असं की थोडं पाणी आहे आणि न विरघळलेलं मीठही तळाशी शिल्लक आहे. डब्यातली हवा ७५ टक्क्यांपेक्षा दमट झाली, तर वाटी बाष्प ओढून घेते. आलेल्या पाण्यात तळाचं आणखी मीठ विरघळतं आणि द्रावण पुन्हा तितकंच संपृक्त होतं. हवा कोरडी पडली, तर वाटीतलं पाणी उडतं, थोडं मीठ खडा होऊन खाली बसतं, द्रावण पुन्हा तितकंच संपृक्त. डब्यातली आर्द्रता ७५ वरून हलत नाही. ना वीज, ना यंत्र. दुसरं मीठ घेतलं की आकडा बदलतो: लिथियम क्लोराइड ११ टक्के, पोटॅशियम कार्बोनेट ४३, मॅग्नेशियम नायट्रेट ५३, पोटॅशियम क्लोराइड ८४. हे आकडे इतके भरवशाचे आहेत, की लुइस ग्रीनस्पॅन यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत १९७७ मध्ये केलेली त्यांची कोष्टकं आजही आर्द्रतामापक तपासायला वापरली जातात.

‘टू-वे’ म्हणून मिळणाऱ्या पुड्यांमध्ये मूळ तत्त्व हेच असतं. योग्य क्षाराचं संपृक्त द्रावण दाट करून अशा आवरणात भरतात, की त्यातून बाष्प आरपार जातं पण द्रव गळत नाही. बोव्हेडा हे त्यातलं जगभर चालणारं नाव. पुडीवर ३२, ४९, ६२ असा आकडा छापलेला असतो. तितक्या टक्क्यांवर बंद डबा धरून ठेवायचा, हे तिचं काम. हवा दमट असेल तर ती पाणी घेते, कोरडी असेल तर देते.

बुटांच्या खोक्यात आणि औषधांच्या बाटलीत सापडणारी सिलिका जेलची पुडी हा वेगळा प्रकार. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर पॅट्रिक यांना १९१९ मध्ये सिलिका जेलचं पेटंट मिळालं. वाळूत असतो तोच सिलिकॉन डायऑक्साइड, पण आतून पार सच्छिद्र. छिद्रं अवघ्या दोन-तीन नॅनोमीटरची. एक ग्रॅम जेलच्या आतला सगळा पृष्ठभाग उलगडला, तर कबड्डीची पाच मैदानं भरतील. या पृष्ठभागाला पाण्याचे रेणू चिकटतात, आणि छिद्रं इतकी अरुंद, की हवा संपृक्त नसतानाही त्यात बाष्पाचं पाणी होतं. भरपूर दमट हवेत जेल स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांहून जास्त पाणी धरतं. पण कोरडं जेल कुठल्या आकड्यावर थांबत नाही. डबा लहान आणि जेल भरपूर असेल, तर ते आर्द्रता दहा टक्क्यांखालीही ओढून नेतं. संग्रहालयांत हेच जेल आधी ठरावीक आर्द्रतेच्या हवेत मुरवून मग काचपेटीत ठेवतात. तेव्हा तेही देवाण-घेवाण करतं. घरच्या पुडीबाबत मात्र ती फक्त घेणारी, असंच धरून चालावं.

हे दोन्ही प्रकार एकाच डब्यात कधीही ठेवू नयेत. जेल पुडीतलं पाणी पिऊन टाकतं, आणि दोन्ही वाया जातात.

आता हिशेब, कारण फसगत इथेच होते. ५० लिटरचा झाकणाचा डबा घ्या. पावसाळ्यात ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला त्यातल्या हवेत मिळून सव्वा ग्रॅमच्या आसपास बाष्प असतं. ४५ टक्क्यांवर यायला अर्धा-पाऊण ग्रॅम पाणी काढलं की झालं. पाच ग्रॅमची जेलची पुडी त्या आर्द्रतेला ग्रॅमभर पाणी सहज धरते, म्हणजे काम फत्ते वाटावं. पण त्याच डब्यात महिनाभर दमट हवेत उघडी राहिलेली दहा किलो पुस्तकं ठेवली, तर? कागद ८५ टक्क्यांवरून ४५ वर येताना वजनाच्या पाच-सहा टक्के पाणी सोडतो. म्हणजे अर्धा किलो! त्याला दोन किलोहून जास्त जेल लागेल. पाणी हवेत नसतं, वस्तूत असतं. पुडी डब्यातली हवा आणि झाकणाच्या फटीतून येणारी ओल सांभाळू शकते. आधीच ओली असलेली वस्तू सुकवणं तिच्या आवाक्याबाहेरचं आहे.

आपल्याकडे वर्षाचं धान्य, डाळी, मसाले एप्रिल-मेमध्ये कडकडीत ऊन दाखवून, गच्च झाकणाच्या डब्यात भरून ठेवतात. त्यातला क्रम अगदी अचूक आहे: आधी वस्तू कोरडी, मग डबा बंद. पुडी आली ती या दोन्हींनंतरची तिसरी पायरी आहे. पुस्तकं, जुने फोटो, निगेटिव्ह जे काही जपायचं असेल, ते जून उजाडण्याआधी डब्यात जायला हवं. जुलैत भरलेला डबा म्हणजे ओल आतच कोंडण्याचा प्रकार, आणि हे मी हौसेने नवे डबे घेणाऱ्या प्रत्येकाला सांगत असतो. डबाही रबरी कडेच्या झाकणाचा हवा. साधं झाकण सतत श्वास घेत असतं.

पुडी संपली हे ओळखायचं कसं? बुटांच्या खोक्यातून काढून वर्षभर खणात साठवलेल्या पुड्या तर वापरण्याआधीच भरलेल्या असतात. रंग बदलणारे दाणे मिळतात. निळे दाणे ओले झाले की गुलाबी होतात, पण त्यातला कोबाल्ट क्लोराइड आरोग्याला घातक असल्याने ते घरात, विशेषतः अन्नाजवळ, नकोच. नारिंगी दाणे घ्यावेत. ते ओलाव्याने हिरवट किंवा फिके पडतात. रंग नसेल तर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा उपयोगी पडतो. सुक्या पुडीचं वजन तिच्यावरच पेनाने लिहून ठेवायचं. वीस ग्रॅमची पुडी चोवीसवर गेली, की तिने आपलं काम केलं असं समजून तिला सुकवायची वेळ झाली. दाणे स्टीलच्या ताटलीत पसरून ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास ठेवले, की पुन्हा कामाला तयार. नुसत्या उन्हात ते अर्धवटच सुकतात. प्लास्टिकची पुडी आहे तशी तापवू नये.

टू-वे पुडी हाताला सांगते. ताजी असताना ती लिबलिबीत लागते. पाणी देऊन संपली की आतले क्षाराचे खडे बोटांना टोचतात आणि पुडी कडक होते. आपल्या पावसाळ्यात बहुतेकदा उलटं घडतं: डबा गळका असेल तर पुडी पाणी पिऊन पिऊन फुगते, आतलं द्रावण पातळ होतं, सगळं मीठ विरघळून जातं, आणि मग तो आकडा धरून ठेवणं तिला जमत नाही.

म्हणूनच काहीशे रुपयांचा आर्द्रतामापक हा पुडीइतकाच महत्त्वाचा. तो खरा बोलतो का, हे मिठानेच तपासता येतं. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, पाण्याचे थेंब टाकून ओल्या वाळूइतपत करा, विरघळवायचं नाही. झाकण आणि मापक एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर एका जागी ठेवा. सकाळी मापकाने ७५ दाखवायला हवेत. ७० दाखवले, तर तो पाच टक्के कमी सांगतो हे कळलं.

कुठली पुडी कशाला, याचं सर्वांत बोलकं उदाहरण मिरजेचं आहे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, तबली (भोपळ्याच्या तोंडावर बसवलेली पातळ फळी) आणि दांडी तुणीच्या लाकडाची. लाकूड ओलाव्याने लांबीत जवळजवळ वाढत नाही, पण रुंदीत फुगतं आणि आक्रसतं. भोपळ्याची फुगण्याची रीत त्याहून निराळी, आणि दोघं सरसाने एकमेकांना जखडलेले. असा तानपुरा टोरांटो किंवा मिनिआपोलिसच्या मराठी घरात पोहोचतो. तिथे हिवाळ्यात उणे १५ अंशांच्या हवेत घनमीटरमागे जास्तीत जास्त दीड ग्रॅम बाष्प मावतं. तीच हवा घरात येऊन २१ अंशांना तापली, की आर्द्रता दहा टक्क्यांखाली जाते. माणसांच्या वावराने, स्वयंपाकाने ती थोडी वर येते, तरी वीसच्या आसपासच राहते. तबलीला चीर जाते ती अशा वेळी. तिथे पेटीत ‘कोरडं राहावं’ म्हणून सिलिका जेल टाकणं म्हणजे वाद्याच्या जिवावर उठणं. त्याला हवी ती ४९ टक्क्यांची टू-वे पुडी, तीही एक नव्हे, भोपळ्यापाशी आणि दांडीपाशी वेगवेगळ्या, कापडी पिशवीत घालून, पॉलिशला टेकणार नाहीत अशा. तानपुऱ्याची पेटी मोठी असते आणि तिच्या फटीही मोठ्या असतात. त्यामुळे हिवाळ्यात पुड्या लवकर कडक होतात, महिन्यातून एकदा हात लावून बघाव्याच लागतात.

कॅमेऱ्याच्या लेन्सची गरज साधी आहे. ४० ते ५० टक्के पुरे. बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे काचेवर पसरतात आणि त्यांच्यातून पाझरणारं आम्ल काचेवरचा लेप खातं, म्हणून लेन्स पुसली तरी डाग राहतो. रबरी कडेचा डबा, सुकं जेल आणि मापक एवढं असलं की काम भागतं. जुने छायाचित्रकार कपाटात छोटा पिवळा बल्ब सतत जळत ठेवायचे. त्याला भौतिकशास्त्राचा भक्कम आधार आहे: ३० अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा ३५ अंशांपर्यंत तापवली, तर पाण्याचा एक थेंबही न काढता आर्द्रता ६५ वर येते.

औषधांच्या बाटलीतली पुडी बाटलीतच राहू द्यावी. ॲस्पिरिनची गोळी ओल खाते तेव्हा तिचं विघटन होऊन व्हिनेगरसारखा वास येतो; तशी गोळी घेऊ नये. रक्तातली साखर मोजायच्या पट्ट्यांची डबी आतून जलशोषकाचीच बनवलेली असते, म्हणून पट्टी काढल्याबरोबर झाकण लावलं पाहिजे. डबी उघडी राहून पट्ट्या ओलावल्या, तर आकडा चुकतो, आणि त्या आकड्यावर कुणी इन्शुलिनचा डोस ठरवत असतं.

उरलं बियाणं. इथे मात्र शक्य तितकं कोरडं हेच बरोबर. जेम्स हॅरिंग्टन यांचा नियम बीज-साठवणुकीत प्रसिद्ध आहे: बियाण्यातला ओलावा एक टक्क्याने उतरला की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि तापमान पाच अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट. हा नियम साधारण ५ ते १४ टक्के ओलाव्याच्या टप्प्यात लागू होतो. भेंडी, वांगी, गवार, वाल यांचं घरचं बियाणं सावलीत वाळवून, काचेच्या घट्ट बरणीत बियाण्याच्या निम्म्या वजनाचं सुकं जेल कापडी पुरचुंडीत घालून ठेवावं. आठवड्याने पुरचुंडी बदलावी आणि मग बरणी थंड जागी ठेवावी. आंबा, फणस आणि जांभूळ यांना हे काहीच लागू नाही. ती बियाणी पाण्याने भरलेलीच झाडावरून उतरतात आणि वाळवली की मरतात, कुठल्याही पुडीने ती टिकत नाहीत. कोय किंवा आठळी धुऊन लगेच, फार तर आठवडाभरात, मातीत लावावी.